जपानी लॅबमध्ये सहा महिने इंटर्नशिप : नाशिकहून निघण्याआधी काय काय पाहावं?

गंगापूर_रोड_केमिस्ट्री

नमस्कार मंडळी. एमएस्सी ऑरगॅनिकचं शेवटचं वर्ष आहे. ऑक्टोबर ते मार्च अशी सहा महिन्यांची रिसर्च इंटर्नशिप त्सुकुबातल्या एका लॅबमध्ये ठरली आहे. प्रोफेसरांशी मेल इंग्रजीत चालतात, पण लॅबमधली मुलं आपसात जपानीच बोलतात. यूट्यूबवर सगळे फुलं आणि रामेन दाखवतात, त्याचा मला उपयोग नाही. बेंचवर पहिल्या दिवशी काय वेगळं असतं? सेन्सेई, म्हणजे प्रोफेसर, निघेपर्यंत बसून राहावं लागतं का? मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. होस्टेलच्या खोलीत एकच इंडक्शन शेगडी आहे, तर कुकर आणि मिक्सर न्यावा का? कागदपत्रं कोणत्या क्रमाने करायची? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच लिहा, प्लीज.

बोम्बे_म्हणजे_सिलिंडर

शब्दांपासून सुरुवात करा, पहिल्याच सकाळी ते अंगावर येतात. फ्यूम हूडला, म्हणजे वाफा ओढून घेणार्‍या कपाटाला, तिथे ‘दोराफुतो’ म्हणतात. गॅसचा सिलिंडर म्हणजे ‘बोम्बे’, हा जर्मनवरून आलेला शब्द, मुंबईशी नातं नाही. रोटाव्हेपर, म्हणजे सॉल्व्हंट उडवायचं यंत्र, ते ‘एबापो’, भिंतीतला सॉकेट ‘कोन्सेन्तो’, पुसायचं फडकं ‘उएसु’. बाटलीवर सोडियम शोधत बसाल तर सापडणार नाही, तिथे ‘नातोरिउमु’ लिहिलेलं असतं आणि पोटॅशियमला ‘कारिउमु’. ही सगळी नावं काताकाना लिपीत असतात, म्हणून हिरागाना ही दुसरी लिपी कच्ची राहिली तरी काताकाना पक्की करूनच विमानात बसा. मूळ अक्षरं ४६. रोज पाच घोटली तरी दहा दिवसांचं काम.

कांजीतली, म्हणजे चिनी चिन्हांतली, चार आम्लांची नावं मात्र पाठच हवीत: एनसान म्हणजे हायड्रोक्लोरिक, र्‍यूसान सल्फ्युरिक, शोसान नायट्रिक, साकुसान ॲसिटिक. शेवटचं ‘सान’ हे चिन्ह चौघांतही तेच, आणि सल्फ्युरिक व नायट्रिकच्या पहिल्या चिन्हात डावीकडे ‘दगडा’चा एकच भाग असतो. घाईत नजर फसते ती नेमकी इथे. नाव वाचलं तरी खालचं रासायनिक सूत्र बघितल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

विषारी रसायनांच्या कपाटाला कुलूप असतं. लाल पट्टीवर पांढरी अक्षरं असतील तर ‘दोकुबुत्सु’, म्हणजे जहाल विष. पांढर्‍यावर लाल असतील तर ‘गेकिबुत्सु’, त्याहून एक पायरी खाली. मेथनॉल आणि क्लोरोफॉर्म गेकिबुत्सुमध्ये येतात, त्यामुळे आपल्याकडे वॉश बॉटलमध्ये भरून बेंचवर ठेवलेलं मेथनॉल तिथे रजिस्टरवर असतं. बहुतेक ठिकाणी पद्धत अशी: बाटली झाकणासकट तोलायची, आकडा लिहायचा, वापरायची, परत तोलायची, फरक लिहायचा, सही करून कपाटात ठेवून कुलूप. हा फरक आणि तुमच्या नोटबुकातलं प्रमाण जुळलं पाहिजे. सांडलं असेल तर ‘सांडलं’ असं लिहा. दोन ग्रॅम सांडल्याबद्दल कुणी रागावत नाही, पण दोन ग्रॅमचा हिशोब लागत नसेल तर अख्खी लॅब कपाट रिकामं करून मोजायला बसते.

वेस्टचं शिस्तीने शिका. हॅलोजन असलेले सॉल्व्हंट, हॅलोजन नसलेले, जड धातूंचं पाणी, आम्ल, अल्कली अशा वेगवेगळ्या कॅन असतात, बहुधा वीस लिटरच्या. फ्लास्क रिकामा करून सिंकमध्ये विसळला असं चालत नाही, पहिली दोन-तीन धुवणंही त्याच कॅनमध्ये जातात. किती वेळा, ते लॅबच्या नियमात लिहिलेलं असतं. कॅन काठोकाठ भरायची नाही, साधारण ८० टक्क्यांवर थांबायचं. नायट्रिकचे चार थेंब सेंद्रिय सॉल्व्हंटच्या कॅनमध्ये गेले आणि झाकण घट्ट लावलं की आत हळूहळू वायू तयार होतो. कॅन फुगते आणि फुटूही शकते. ॲसिटोन, क्लोरोफॉर्म आणि अल्कली एकत्र आले तरी तेच, फक्त जास्त जोरात.

आता बोम्बे. रंग आपल्या सवयीने ओळखू नका: ऑक्सिजन काळा, हायड्रोजन लाल, कार्बन डायऑक्साइड हिरवा, अमोनिया पांढरा, क्लोरीन पिवळा, ॲसिटिलीन तपकिरी, आणि नायट्रोजन, आरगॉन, हेलियम सगळे करडे. म्हणजे तीन करड्यांतून निवड करताना लेबलच वाचायचं. हायड्रोजनचे आटे उलटे असतात हे ठाऊक असेल, तिथे हेलियमचेही उलटे असतात. रेग्युलेटर बसत नाही म्हणून पान्याला जोर लावलात तर आटे जातील. प्रत्येक सिलिंडरला वर एक आणि खाली एक अशा दोन साखळ्या असतात, भूकंपासाठी. बदलताना एकच साखळी लावून ‘दुसरी नंतर’ असं करू नका.

सेन्सेई निघेपर्यंत बसायचं का? बसायचं. निदान पहिला महिना तरी.

एम_टू_ची_ताई

वरचं सगळं बरोबर, शेवटची ओळ सोडून. बहुतेक लॅबमध्ये ‘कोआ ताइमु’ ठरलेला असतो, म्हणजे अमुक ते अमुक सगळ्यांनी हजर पाहिजे. मेलमध्ये सरळ विचार, विचारलेलं त्यांना आवडतं. त्यानंतर थांबायचं की नाही हे कामावर. नुसतं खुर्ची गरम करत बसण्याला काही किंमत नाही. उलट रात्री एकट्याने प्रयोग करायला बर्‍याच ठिकाणी बंदीच असते.

किंमत कशाला आहे ते सांगते. दाराशी नावांचा फलक असतो, त्यावर चुंबक सरकवायचा: खोलीत, प्रयोगशाळेत, जेवायला, घरी. भूकंप झाला की फलक बघून डोकी मोजतात, म्हणून तो खोटा राहता कामा नये. निघताना ‘ओसाकिनि शित्सुरेइ शिमास’, म्हणजे तुमच्या आधी निघते, माफ करा. समोरून ‘ओत्सुकारेसामा’ येतं. एवढं झालं की सहा वाजता निघालीस तरी कुणाच्या कपाळाला आठी नाही.

‘होरेनसो’ हा शब्द कानावर पडेल. जपानीत याचा अर्थ पालक, भाजीतला. पण इथे तो तीन शब्दांच्या सुरुवाती जोडून केलाय: होकोकु म्हणजे झालेलं सांगणं, रेन्राकु म्हणजे कळवणं, सोदान म्हणजे विचारणं. आपल्याकडे रिझल्ट आला की सरांना दाखवतो. तिथे रिझल्ट आला नाही हेही त्याच दिवशी सांगायचं. आठवड्याच्या ‘झेमी’ला, म्हणजे लॅबच्या बैठकीला, स्लाइड करताना फसलेल्या रिॲक्शनचा तक्ता टाक: तापमान, वेळ, सॉल्व्हंट, टीएलसीच्या पट्टीवर काय दिसलं. ‘पुन्हा करून बघते’ एवढंच बोललीस तर पुढचा प्रश्न ठरलेला: काय बदलून?

आणि ‘हाइ’ म्हणजे ‘हो’ असं समजू नकोस, पुष्कळदा त्याचा अर्थ ‘ऐकलं’ एवढाच. सेन्सेईंनी मान तिरकी करून, दातातून हवा ओढून ‘मुझुकाशीइ देस ने’ म्हटलं तर शब्दशः अर्थ ‘अवघड आहे’, खरा अर्थ ‘नको’. तिथे ‘मग करून बघू का?’ विचारायचं नाही, दुसरा मार्ग विचारायचा.

एनएमआर मशीनचा स्लॉट रद्द करायचा असेल तर आदल्या दिवशी. मशीनच्या वहीत सुरू-बंद वेळ, सॅम्पल, काही वेगळं वाटलं तर तेही. काही बिघडवलंस तर तत्क्षणी सांग. कुणी रागावत नाही, पण मागून कळलं तर पुन्हा त्या मशीनला हात लावू देत नाहीत. लॅबची नोटबुक लॅबचीच, पान फाडायचं नाही, येताना तिथेच ठेवायची.

सिडको_ते_सैतामा

जेवणाचं मी सांगतो.

मिक्सर नेऊ नका. जपानात वीज १०० व्होल्ट, आपला मिक्सर २३० वर बांधलेला. लावला तर मोटर नुसती घूं घूं करते, पातं अडकतं, गुंडाळी तापते. स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लावायचा तर ७५० वॅटच्या मिक्सरला हजाराहून जास्त वॅटचा लागेल, म्हणजे बॅगेत लोखंडाचा गोळा. गोडा मसाला, दाण्याचं कूट, चटण्या इथूनच करून न्या. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर १०० ते २४० चालणारे असतात, त्यांना फक्त दोन चपट्या पिनांचा ॲडॉप्टर लागतो. लॅपटॉपची तीन पिनांची वायर असेल तर दोन पिनांची वायर वेगळी घ्या.

कुकर न्यायचा असेल तर भांडी बाजारात जाताना खिशात चुंबक ठेवा. बुडाला घट्ट चिकटला तरच तो इंडक्शनवर तापेल. घरातला साधा ॲल्युमिनियमचा कुकर तिथे तापणारच नाही, शेगडी ‘भांडं नाही’ म्हणून बंद होते. बूड सपाट हवं आणि साधारण १२ सेंटिमीटरपेक्षा लहान नको. खोलगट भाकरीचा तवा म्हणूनच चालत नाही, तो लोखंडी असला तरी. सपाट बिडाचा चालतो. तीन लिटरचा स्टीलचा कुकर एकट्याला पुरतो.

फोडणी देताना आधी एक्झॉस्ट, मग तेल. छतावर सेन्सर असतो. मोहरी तडतडून धूर झाला की सायरन वाजतो आणि अख्खा मजला खाली उभा. उरलेलं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही. वर्तमानपत्रात जिरवून जळाऊ कचर्‍यात, किंवा तेल गोठवायची पावडर मिळते ती टाकून.

बाहेर खाताना खरा शत्रू मटण नाही, ‘दाशी’ आहे. बोनितो माशाच्या किसाचा तो स्टॉक मिसोच्या सूपमध्ये असतो, उदोन नूडल्सच्या पाण्यात असतो, नात्तोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) डबीतल्या सॉसच्या पुडीत असतो. थंडगार तोफू मागवलात तर वर तोच किस भुरभुरून येतो. ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की मांस नको एवढंच समजतात. त्यापेक्षा एकेक नाव घ्या: ‘निकु, साकाना, दाशी नुकि दे ओनेगाइ शिमास’, म्हणजे मांस, मासा, दाशी वगळून द्या. पाकिटामागचा ॲलर्जीचा तक्ता बघून निर्धास्त होऊ नका. त्यात सक्तीने लिहायची नावं मोजकीच: कोळंबी, खेकडा, अक्रोड, गहू, सोबा (कुट्टू), अंडं, दूध, शेंगदाणा वगैरे. मासा त्यात नाही.

नाशिकहून काय न्यावं? चिवडा न्या. मनुका न्या, सुकवलेल्या द्राक्षांना प्लांट क्वारंटाइनची, म्हणजे रोग-किडींच्या तपासणीची, अट नाही. ताजी द्राक्षं आणि कढीपत्ता मात्र नेऊच नका. कच्चे तांदूळ आणि डाळी यांना फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला) लागतं, ते नसेल तर विमानतळावरच टोपलीत. डाळी तिथे मिळतात, ‘ग्योमु सुपर’मध्ये थोड्या, भारतीय-नेपाळी दुकानांत सगळ्या. पोहेही त्याच दुकानांत. कांदा पिवळा आणि गोडसर असतो, लासलगावची जीभ असेल तर मिसळीला तिखट वाढवा.

गंगापूर_रोड_केमिस्ट्री

बाप रे, खूपच मदत झाली. ताई, ‘दातातून हवा ओढून’ हे लिहून ठेवलंय. कागदांचं कुणी सांगेल का? स्टायपेंड जपानी बँकेत येणार आहे. आणि थायरॉइडची गोळी रोज चालू आहे, सहा महिन्यांची न्यायची.

शिक्का_आणि_सही

गोळीपासून. डॉक्टरांनी दिलेली औषधं एक महिन्यापर्यंत बरोबर नेता येतात, दुकानातून सहज मिळणारी दोन महिन्यांपर्यंत. सहा महिन्यांची न्यायची तर ‘युन्यु काकुनिन-शो’, म्हणजे औषध आयातीचं प्रमाणपत्र, ऑनलाइन काढावं लागतं. प्रिस्क्रिप्शन लागेल, औषधाच्या जेनेरिक नावासकट. निघायच्या आठवड्यात नाही, महिनाभर आधी. सर्दी-खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट उलटून वाचा: १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन किंवा १ टक्क्याहून जास्त कोडीन असेल तर घरीच ठेवा.

मुक्काम ९० दिवसांपेक्षा जास्त म्हणजे आधी सीओई, व्हिसासाठी लागणारं जपानी पात्रता प्रमाणपत्र. त्याचा अर्ज लॅबकडून जातो, एक ते तीन महिने लागतात, म्हणून ऑक्टोबरसाठी जूनमध्येच कागद पाठवा. २०२३ पासून ते ई-मेलनेही मिळतं. ते जारी झालेल्या तारखेपासून तीन महिन्यांत जपानात शिरायचं. व्हिसाच्या दिवशी पंचवटी एक्सप्रेसच्या भरवशावर सकाळची अपॉइंटमेंट घेऊ नका, आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करा.

नारिता किंवा हानेदाला उतरल्यावर तिथेच रेसिडेन्स कार्ड मिळतं. पुढचा क्रम उलटा केलात तर अडकाल:

राहायला गेल्यापासून १४ दिवसांत सिटी हॉलमध्ये पत्ता नोंदवायचा. त्सुकुबाचा सिटी हॉल केंक्यु-गाकुएन स्टेशनजवळ, त्सुकुबाच्या एक स्टेशन अलीकडे. कार्डाच्या मागे पत्ता छापून घेतला की त्याच इमारतीत राष्ट्रीय आरोग्य विमा. दवाखान्याचं ३० टक्के बिल तुमचं, बाकी विम्याचं. जपानात मागच्या वर्षी उत्पन्न नव्हतं हे तिथेच नोंदवा, हप्ता उतरतो. पेन्शनचा कागद येईल, तो २० ते ५९ वयाच्या सगळ्यांना येतो. टोपलीत न टाकता माफीचा अर्ज विचारा.

मग आवाजासहितचं सिम. मग बँक. बँक फोन नंबर मागते आणि फोनवाले कार्डावरचा पत्ता मागतात, म्हणून हाच क्रम. सहा महिन्यांपेक्षा कमी राहणार्‍याला बर्‍याच बँका पूर्ण खातं देत नाहीत. तुमचा मुक्काम अगदी सीमेवर आहे, तेव्हा लॅबच्या ऑफिसला आत्ताच विचारा की पोस्टाच्या बँकेत, म्हणजे ‘यूचो’त, चालेल का. तोपर्यंत सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून आपलं व्हिसा किंवा मास्टरचं कार्ड चालतं. इथून निघताना परदेशी व्यवहार चालू करून घ्या. पन्नास-साठ हजार येन रोख जवळ असू द्या.

येताना: निघण्याआधी सिटी हॉलमध्ये ‘तेन्शुत्सु तोदोके’ (पत्ता सोडल्याची नोंद), विमा बंद, आणि कार्ड विमानतळावर परत.

एक बारीक गोष्ट राहिली. पासपोर्टवर तुमच्या नावात वडिलांचं नाव असेल, ते कार्डावर जसंच्या तसं उतरतं. बँक ते काताकानात लिहून मागते. तिथे ‘ल’ नाही, ‘ळ’ नाही, जोडाक्षर फुटतं: पाटीलचं ‘पातीरु’, कुलकर्णीचं ‘कुरुकारुनी’. लॅबने फॉर्मवर ‘कुरुकारुनी’ लिहिलं आणि तुम्ही बँकेत ‘कुरुकानी’, तर स्टायपेंड परत जातो. एक स्पेलिंग ठरवा, चिठ्ठीवर लिहा, पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा आणि प्रत्येक काउंटरवर तीच दाखवा.

एम_टू_ची_ताई

आणि ती चिठ्ठी लॅबच्या सेक्रेटरीला मेलने आधीच पाठव. दारावरच्या फलकावर तुझं नाव लावायला त्यांनाही तीच लागेल.