भजनाची वही हातानं उतरवायची आहे, पण हात एका पानातच थकते. काय करावं?

धुऱ्यावरचा (तालुका दारव्हा, जि. यवतमाळ)

राजेहो, थोडं मागचं सांगतो, मग प्रश्न.

आमच्या भजन मंडळाची एक वही आहे. लांबोळकी, लाल कापडी पुठ्ठ्याची, खतावणीचीच वही भजनासाठी घेतलेली. बाबांनी अन् त्यांच्या जोडीदारांनी मिळून लिहिली. अक्षर टपोरं, दोन ओळींत बोटभर जागा. कारण सरळ आहे: खंजिरी वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, वही मधात ठेवलेली असते, वर एक बल्ब, अन् म्हणणाऱ्यांतले निम्मे साठीच्या वरचे. आता पानं तपकिरी होऊन कडेनं मोडून राहिली, शिवण सुटली, एक कोपरा उंदरानं नेला. मंडळानं ठरवलं, नवी वही उतरवायची. काम माझ्या गळ्यात, काहून की माझं कृषी केंद्र आहे. "तू तं रोजच लिहिते," म्हणे.

रोज लिहितो म्हणजे काय लिहितो, ते ऐका. बिल संगणकातून निघते. खत द्यायचं तर पॉस मशीनवर शेतकऱ्याचा अंगठा, पावती मशीनचीच. माल मागवायचा तर व्हॉट्सॲप. पीक पाहणी आधी तलाठी लिहीत होते, २०२१ पासून ॲप आलं, आता शेतकरी वावरात उभा राहून फोनवरच नोंदवते. हाताला उरली फक्त उधारीची वही, अन् तिच्यात काय? नाव, "युरिया ४", "डीएपी २", रक्कम, सही. म्हणून माझे आकडे आजही असे आहेत की ४ चा ५ कोणी वाचूच शकत नाही. आकडे शाबूत, अक्षर गेलं.

पानाच्या वरच्या चार-पाच ओळी बऱ्या येतात. मग मात्रा अक्षर सोडून पळतात, ओळ उजवीकडं खाली उतरते, अन् पान संपेपर्यंत अंगठ्याच्या बुडाशी कळ निघते. त्यात जोडाक्षरं. फोनवर ब, र, ह, म दाबत गेलो की तोच जोडून देते. हातानं "ब्रह्म" लिहाले बसलो तं ह च्या पोटात म कुठून घालायचा इथंच पेन थांबते. अन् भजनात ब्रह्म तं पानोपानी! "वऱ्हाड" लिहितानाही तेच, तो र चा आकडा डोळ्याला माहीत आहे, हाताला नाही.

बोलून टाईप करून पाहा म्हणाल तर तेही केलं. "मले" म्हटलं की फोन "मुले" लिहिते. देवाजवळ काही मागायची सोयच नाही राहिली.

तर पेन कोणता, कागद कोणता, अन् हात परत वळणावर आणायचा कसा, हे सांगा. पुस्तक विकत घ्या असं सांगू नका; यातली बरीच भजनं गावातल्याच लोकांनी रचलेली आहेत, ती कुठं छापलेली नाहीत.

सेतूवाला (मूर्तिजापूरकडचा)

भाऊ, कायले जीव काढता? टाईप करा, अक्षर मोठं करा, प्रिंट काढा, स्पायरल मारा. एका दिवसाचं काम. पुढच्या वर्षी फाटली तं परत प्रिंट. अक्षर सुंदर पाहिजे म्हणाल तं फॉन्ट पन्नास पडले आहेत.

फक्त एक सांगतो. टाईप युनिकोडमध्येच करून घ्या. तालुक्याला जुने डीटीपीवाले अजून जुन्या फॉन्टात मारून देतात, अन् ती फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरं अन् चिन्हांचा खिचडा दिसते. अक्षराच्या जागी तिथं दुसऱ्याच अक्षराचा नंबर साठवलेला असते, तो फॉन्ट नसला की खेळ खल्लास. माझ्याकडं लोक अशा लग्नपत्रिका, अशा संस्थेच्या घटना घेऊन येतात.

बाकी हातच्या अक्षराचं कौतुक मला नका सांगू. माझा धंदा जातीच्या दाखल्यांचा. ओबीसीच्या पडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा महत्त्वाचा, म्हणजे आजोबाच्या शाळेचा दाखलखारीज रजिस्टर, नाहीतर कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल. तिथं एखाद्या मास्तरानं घाईत आडनाव असं ओढलेलं असते की नातवाले अर्जासोबत प्रतिज्ञापत्र जोडा लागते. अन् नोंद मोडी लिपीत निघाली तं वाचणारा शोधत फिरा.

धुऱ्यावरचा

सेतूवाले भाऊ, तुमचं म्हणणं पटते, पण तुम्हीच सांगितलं ना, आजोबाचं रजिस्टर अजून वाचता येते अन् डीटीपीवाल्याची फाईल उघडत नाही. मग?

प्रिंटचा विचार मंडळात झाला होता. बुढ्यांनी एकच मुद्दा काढला: नवीन भजन आलं तं त्याच वहीत मागं लिहिता आलं पाहिजे, अन् चाल बदलली तं बाजूला खूण करता आली पाहिजे. जुन्या वहीत कडेला बाबांच्या खुणा आहेत, "इथं थांबा", "दोनदा", "ठेका बदल". प्रिंटच्या कडेला कोण लिहिते? लोक छापील कागदाला हात लावाले भेतात.

कोपऱ्यातली खुर्ची (पुसद)

काका, मी अभ्यासिकेत बसणारी आहे, एमपीएससीचं करते. तुमचा त्रास आमच्याकडं आता घाऊक झालाय. इतकी वर्षं आम्ही नुसते गोल काळे करत होतो. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, नऊ पेपर, एकेक तीन तासांचा. ज्यांनी बारावीनंतर सलग चार पानं लिहिली नव्हती त्यांच्यावर एकदम हे आलं. नोट्स तर सगळ्यांच्या टेलिग्रामवरच्या पीडीएफ. आमच्या अभ्यासिकेत दुपारी तुम्ही आलात तर अर्धी पोरं मनगट झटकताना दिसतील.

मला जे उपयोगी पडलं ते सांगते. बॉलपेनला दाबावं लागतं, आणि दाब आला की बोटं पेन आवळतात. जेलपेनला दाब लागत नाही, हात बराच वेळ टिकतो. दुसरं म्हणजे मी लिहायचे बोटांनी. आता कोपर टेबलावर टेकवून हात सगळा सरकवते. कोपर अधांतरी असला की खांद्यापर्यंत दुखतं. तुमच्या दुकानातलं काउंटर उंच असेल आणि तुम्ही उभ्यानं उतरवत असाल तर आधी ते बंद करा.

आणि पूर्ण पान एका बैठकीत करायचा हट्ट नको. एक कडवं, मग गिऱ्हाईक, मग दुसरं कडवं.

लहान भावाचा ल बघून मात्र मला धक्का बसला. फोनवर दिसतो तसा दांडीचा, हिंदीतला ल काढतो तो. श पण तसाच. शाळेत कोणी काही म्हणत नाही का?

पाटीवरचा मास्तर (आर्वी, जि. वर्धा)

पुसदच्या ताईंना आधी उत्तर देतो. म्हणतात ना, म्हणायला हवं. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेची रूपे ठरवून दिली, त्यात ल आणि श मराठी वळणाचेच आहेत. पण मूल दिवसभर जे डोळ्यांनी पाहते तेच हाताने काढते, आणि बऱ्याच फोनमधला फॉन्ट हिंदी वळणाचा असतो. शिक्षकाने दहा वेळा फळ्यावर दोन पाकळ्यांचा ल काढला तरी संध्याकाळी फोन त्याच्यावर पाणी फिरवतो.

आता धुऱ्यावरचे भाऊ, तुमच्याकडे वळतो. नोकरीची सगळी वर्षे मी चौथीपर्यंतच्या मुलांचे अक्षर पाहिले. ओळ उजवीकडे उतरते, त्याचे कारण बहुधा वही सरळ समोर ठेवलेली असते. हात कोपराभोवती फिरतो, तो कमानीतच जाणार. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने वहीचा वरचा भाग किंचित डावीकडे कलवावा. एवढ्यानेच अर्धी ओळ सरळ होते.

उरलेल्या अर्ध्यासाठी मोडीची युक्ती. आपण बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, आधी शब्द लिहितो आणि मग डोक्यावर रेघ देतो. मोडी लिहिणारे आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेत आणि अक्षरे त्या रेघेला खालून टांगत. तुम्ही पट्टीने, पेन्सिलीने, हलक्या हाताने सगळ्या पानाच्या शिरोरेघा आधी आखून घ्या. देवनागरी हे लोंबणारे अक्षर आहे, खालच्या रेघेवर बसवायला गेलात की उकार रेघेखाली जाऊन पुढच्या ओळीच्या वेलांटीशी भांडतो. छापील वहीची रेघ ही खालची रेघ समजू नका, तीच डोक्यावरची समजा. एक ओळ लिहा, एक रेघ सोडा.

जोडाक्षरांचे दुखणे कित्त्यानेच जाईल, पण सगळी बाराखडी गिरवत बसू नका. जुन्या वहीत जी जोडाक्षरे वारंवार येतात तेवढीच एका कागदावर वडिलांच्या वळणात काढून समोर चिकटवा. ह्म, द्ध, क्त, ष्ण, ज्ञ, ऱ्ह, आणि हृ. यापलीकडे भजनाला फारसे लागत नाही.

पेनाबाबत ताईंशी माझे जमत नाही. परीक्षेची उत्तरपत्रिका एकदा तपासली की संपली. वही टिकायची आहे. जेलची शाई पाण्यातली असते, घामेजल्या बोटाने आणि पावसाळी हवेत पसरते, बॉलपेनची तेलातली. वडिलांची वही जर निळ्या-काळ्या शाईची असेल तर तिच्यात बहुधा लोहाचे क्षार होते, तशी शाई कागदात मुरून काळी पडते. बाजारातली साधी रॉयल ब्ल्यू एका थेंबाने धुऊन जाते. तेव्हा बॉलपेनच घ्या, ठळक टोकाचा, आणि कागदाखाली पाच-सहा कागदांची गादी ठेवा म्हणजे दाब कमी लागेल. कागद जाड, लेजरचा. स्वस्त कागद लाकडाच्या लगद्यातल्या आम्लाने आपोआप तपकिरी होऊन मोडतो, तुमच्या जुन्या पानांचे तेच झाले असणार.

हात अगदीच थकला तर, आमच्या जिल्ह्यातला माणूस आहे म्हणून सांगतो, सेवाग्रामला येण्याच्या कितीतरी आधी, १९०९ मध्ये, गांधीजी बोटीवर 'हिंद स्वराज्य' लिहीत होते, तेव्हा उजवा हात दुखला की डाव्याने लिहीत. आपले अक्षर वाईट आहे याची खंत त्यांनी आत्मकथेत केली आहे ती वेगळीच. तुम्ही डाव्याच्या भानगडीत पडू नका.

धुऱ्यावरचा

गुरुजी, तुमची रेघेची गोष्ट लगेच करून पाहिली. पट्टी, पेन्सिल, आधी सगळ्या रेघा. फरक पडला राजेहो! अक्षर काही सुधारलं नाही, पण पान सरळ दिसाले लागलं, अन् लांबून वाचाले तेवढंच पुरते. वही डावीकडं कलवल्यानं मनगट मोकळं झालं. खुर्चीवाल्या ताईनं बरोबर ओळखलं, मी काउंटरवर उभ्यानंच लिहीत होतो.

पेनाचं मात्र मी दोघांचंही अर्धं अर्धं ऐकलं. सराव जेलवर, वहीत बॉलपेन. पण एक अडचण गुरुजींना माहीत नसावी: खताच्या दुकानात बोटांना कायम काही ना काही लागलेलं असते. पोत्याची धूळ कागदावर बसली की बॉलपेन घसरते, मधातच अक्षर फिकं. म्हणून दुकान बंद झाल्यावर हात धुऊन घरीच बसतो.

जोडाक्षरांचा कागद केला. बाबांच्या वळणातून काढताना एक गोष्ट दिसली. त्यांचा द्ध दर पानावर वेगळा आहे. कुठं उभा जोडलेला, कुठं पाय मोडून. म्हणजे त्यांनाही तो नीट येत नव्हता अन् कोणाचं अडलं नाही. मी दोन्हींतला सोपा घेतला. गुरुजी रागावतील, पण खंजिरीवाल्याला चालते.

कडेच्या खुणांचं काय करावं यावर मंडळात वाद झाला. काही म्हणाले, जशाच्या तशा उतरव. मी म्हटलं नाही, ज्या चाली आता कोणी म्हणतच नाही त्यांच्या खुणा उतरवून नव्या पोट्ट्यांचा घोटाळा कायले करायचा? ज्या चालतात तेवढ्याच घेतल्या, लाल पेनानं. जुनी वही फेकणार नाही, ती कपड्यात बांधून ठेवू.

आता एकच अडलं आहे. लेजरचा कागद आखीव मिळते, पण माझी ओळ मोठी. कोरा कागद शिवून वही बांधून देणारा दारव्हा, दिग्रस, यवतमाळ कुठं असेल तं सांगा. स्पायरल नको, ते मांडीवर टोचते अन् पान उलटताना टाळाच्या दोरीत अडकते.

सेतूवाला

दिग्रसले रजिस्टर बांधणारे आहेत, बाजारात विचारा, चार शिवणी मारा म्हणा. अन् नवी वही भरली की माझ्याकडं घेऊन या, स्कॅन फुकट करून देतो, जुनीचंही. पण वहीच आणा भाऊ, फोनवरून फोटो पाठवू नका. काल तुम्ही ग्रुपवर टाकलेल्या फोटोत बल्ब तेवढा दिसते, भजन काही दिसत नाही.