फरशी रंगवली, पण मूल शिकलं का?

खडूफळा: 2015 मध्ये सरकारचा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा शाळांसाठीचा कार्यक्रम सुरू झाला आणि साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) रंगवलेल्या फरश्यांच्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. येताना ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलानं स्वतः करून शिकणं, किती जणांनी आणला देव जाणे, रंगाचे डबे मात्र बऱ्याच जणांनी आणले. गावोगावी फरश्या रंगल्या, आणि त्यावर बसून मुलं फळ्यावरचंच उतरवून घेतायत. (तपासणीच्या दिवशी चित्रांवर पाय द्यायचा नाही, हेही पाहिलंय.)
वस्तू मुलाच्या हातात गेली नाही तर ती नुसती सजावट. दुसरीतल्या एका पोरीला 52 मधून 27 वजा करायला दिले. पुढ्यात दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. दोनातून सात जाईनात. जरा इकडंतिकडं बघितलं आणि एका गठ्ठ्याचं रबर काढलं. झाल्या बारा! हातच्याची वजाबाकी मी अजून फळ्यावर काढलीही नव्हती.

जुना_मास्तर: काड्या झकास, सर. पण या आनंदापायी पाढे गेले त्याचं काय? पाचवीतलं पोर भागाकार करताना सात आठे बोटांवर मोजतं. निम्मा तास तिथंच जातो, मग कंटाळतं. पाठांतराला उगाच बदनाम केलंत.

खडूफळा: पाढे नकोत असं कुठं म्हटलं? सात-सात खड्यांच्या ओळी मांडून झाल्यावर खुशाल घोकून घ्या.

वाडीवरची_बाई: तुमचं दोघांचं चालू द्या. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 60 पटापर्यंत शिक्षक दोन. आमच्याकडे चार वर्ग. एक जण प्रशिक्षणाला गेला की चारही वर्ग माझ्याकडे, वर पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती. मी तिसरीच्या पोरांना दुसरीपुढे काड्या घेऊन बसवते, नाइलाज म्हणून. ती शिकवतातही बरी, पण त्यांचा स्वतःचा धडा राहतो त्याचं काय?

जुना_मास्तर: बाई, हे खरं दुखणं. खडूफळा सर, एवढंच सांगा, काड्या काढून कधी घ्यायच्या?

खडूफळा: गठ्ठा न सोडता मूल उत्तर सांगू लागलं की.

जुना_मास्तर: आणि मार्च उजाडला तरी नाही सांगितलं तर?