मदत हवी आहे : तान्ह्या बाळासाठी आणि गरोदरपणात फिनॉक्सिएथेनॉल असलेले क्रीम वापरावे का?

नमस्कार. मी पुण्यात कोथरूडला राहते. माझी मुलगी पाच महिन्यांची आहे आणि जाऊबाईंना सातवा महिना चालू आहे. थंडीत मुलीचे गाल फार कोरडे पडले म्हणून आणलेल्या क्रीमच्या घटकांत फिनॉक्सिएथेनॉल हे नाव दिसले, आणि तेच क्रीम जाऊबाई रोज पोटावर लावतात, त्यामुळे काळजी वाढली.

पाणी असलेल्या क्रीममध्ये बुरशी व जीवाणू वाढू नयेत म्हणून हे परिरक्षक घालतात. युरोपात त्याची मर्यादा १ टक्का आहे. फ्रान्सच्या औषध नियामक संस्थेने २०१२ मध्ये तीन वर्षांखालील मुलांसाठी ती ०.४ टक्के करावी आणि लंगोटाच्या भागासाठीच्या उत्पादनांत हे रसायन वापरूच नये, अशी शिफारस केली; युरोपीय वैज्ञानिक समितीने मात्र २०१६ मध्ये १ टक्क्यापर्यंतचे प्रमाण सर्व वयाच्या मुलांसाठी सुरक्षित ठरवले. २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने हे रसायन असलेल्या, स्तनाग्रांना लावायच्या एका क्रीमबद्दल इशारा दिला होता, कारण ते दूध पिताना बाळाच्या पोटात जाऊ शकत होते. त्वचेवर लावणे आणि पोटात जाणे यांतला हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण माझी मुलगी गालावरचे हात सतत तोंडात घालते.

आमच्या क्रीमच्या वेष्टनावर टक्केवारी छापलेली नाही. ती उत्पादकाकडून कोणी लेखी मिळवली आहे का? गालांऐवजी फक्त पायांना लावणे पुरेसे सावध ठरेल का? आणि जाऊबाईंसाठी आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी काय सांगितले, हे कोणी कळवले तर फार आभारी राहीन. तोवर आम्ही दोघींनी खोबरेल तेलच लावायचे ठरवले आहे.