मदत हवी आहे: कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठावर फिरायची वाट बंद, अर्ज कुठं करायचा?

संध्यामठाच्या बाजूला तटाच्या दुरुस्तीसाठी पत्रे ठोकलेत, काम व्हायलाच पाहिजे, दगड निखळलेले आम्ही पण बघतोय, पण वाट पूर्ण बंद केल्यामुळं सकाळची म्हातारी माणसं डंपरच्या रस्त्यावरनं चालायलीत. बोर्डावर मुदतीची जागा कोरी! कंत्राटदाराचा माणूस म्हणतो साहेबांना विचारा, आणि साहेब काय सापडंनात. माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाकला तरी उत्तराला ३० दिवस, तोवर पाऊस येतोय. त्याआधी नकाशा आणि वर्क ऑर्डर बघायला मिळते का? तात्पुरती वाट सोडायची अट टेंडरात असते का? मुंबईच्या पवई तलावातला सायकल ट्रॅक हायकोर्टानं २०२२ ला बेकायदा ठरवला, तसलं काही इथं भराव टाकून करणार असतील तर आत्ताच कळलेलं बरं. कुणाकडं अर्जाचा नमुना असेल तर टाका की.