साउथ-की स्थानक सव्वाशे मीटर का सरकवावे लागले?

प्रश्न – गोदीकाठ

नमस्कार. लंडनच्या पूर्व भागात, आइल ऑफ डॉग्ज येथे आम्ही काही वर्षांपासून राहतो. डॉकलँड्स लाइट रेल्वेचे साउथ-की हे आमचे जवळचे स्थानक. यंदा आई पुण्याहून आली होती आणि गुडघ्यांच्या दुखण्यामुळे तिला चाकाच्या खुर्चीतूनच बाहेर न्यावे लागे. लिफ्टने वर फलाटावर जायचे आणि गाडीचे दार उघडले की कोणाचीही मदत न मागता खुर्ची थेट आत न्यायची, याचे तिला फार अप्रूप वाटले. या स्थानकाविषयी वाचताना समजले की १९८७ साली सुरू झालेले मूळ स्थानक २००९ मध्ये बंद करून पूर्वेला सुमारे १२५ मीटरवर नवे बांधण्यात आले. जेमतेम २२ वर्षांचे स्थानक का सोडावे लागले? दोनऐवजी तीन डब्यांच्या गाड्या आणायच्या होत्या एवढेच कारण असेल, तर आहे तोच फलाट वाढवता आला नसता का? मुंबईत पंधरा डब्यांच्या लोकलसाठी फलाटच वाढवले गेले.

उत्तर – रूळवाट

आपली शंका रास्त आहे. मात्र मुंबईचे फलाट बहुतांशी जमिनीवर आहेत. पुढे जागा असली की भराव घालून ते वाढवता येतात. साउथ-कीसारख्या उन्नत, म्हणजे जमिनीपासून उंच उभारलेल्या, स्थानकाचा फलाट खांबांवर आणि तुळयांवर तोललेला असतो, आणि त्याच्या दोन्ही टोकांना मार्ग कसा जातो यावर सारे अवलंबून असते. जुन्या साउथ-कीच्या दोन्ही टोकांना तीव्र वळणे होती. दोन डब्यांपुरती सरळ लांबी तिथे मिळत होती, तिसऱ्या डब्यासाठी फलाट वळणावर न्यावा लागला असता.

वळणावरच्या फलाटाची अडचण घरी करून पाहण्यासारखी आहे. परातीच्या बाहेरच्या कडेला फूटपट्टी लावा: ती मध्यभागी टेकते आणि दोन्ही टोके सुटी राहतात. आतल्या कडेला लावली तर टोके टेकतात आणि मधे फट पडते. या गाडीचा एक डबा सुमारे २८ मीटर लांब असतो. मधल्या सांध्यामुळे तो वळणावर मुडपत असला, तरी त्याचे दोन्ही भाग सरळच असतात. म्हणजे काही दारांशी फट पडणारच. आपल्या आईंची खुर्ची ज्या सहजतेने आत गेली, ती सरळ फलाटामुळे. सुरुवातीपासून प्रत्येक स्थानक चाकाच्या खुर्चीला सुगम ठेवणाऱ्या या रेल्वेने ते गमावले नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

उत्तर – पूर्वलंडनकर

मुळात मार्ग इतका वळणावळणाचा का, याचे उत्तर पैशांत आहे. १९८१ पर्यंत इथल्या गोद्या बंद पडल्या होत्या आणि भुयारी रेल्वे इकडे आणणे फार खर्चाचे ठरत होते. म्हणून ७ कोटी ७० लाख पौंडांत बसेल अशी हलकी रेल्वे मंजूर झाली. लाइमहाउसच्या बाजूला लंडन अँड ब्लॅकवॉल रेल्वेचा १८४० सालचा विटांच्या कमानींचा पूल वापरात आणला (त्या काळी तिथल्या गाड्या स्थिर इंजिनांच्या जोरावर दोराने ओढल्या जात). गोद्यांच्या भागात मात्र जिथे जागा मिळाली तिथून, पाण्याच्या कडेने वळत नवा मार्ग काढला. सुरुवातीला १५ स्थानके आणि एकेका डब्याच्या ११ गाड्या होत्या. फलाटही तेवढ्याच मापाचे. पुढे शेजारच्या कॅनरी वॉर्फ भागात कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले, १९९१ मध्ये मार्ग मध्य लंडनमधील ‘बँक’ नावाच्या स्थानकापर्यंत पोहोचला आणि ते माप झपाट्याने अपुरे पडले. रूळ आणि गाड्या पुढे बदलता येतात, पण खांबांची जागा एकदा ठरली की ती पिढ्यान्‌पिढ्या सोसावी लागते. म्हणून पहिल्या दिवशीच लांब फलाटापुरता सरळ टप्पा राखून ठेवायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे.

गोदीकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आणखी एक विचारतो. याच रेल्वेच्या ग्रीनिचमधील कटी सार्क स्थानकात गाडीची टोकाची काही दारे उघडतच नाहीत. तोच उपाय इथे चालला नसता का?

उत्तर – रूळवाट

कटी सार्क बोगद्यात आहे. तिथला फलाट वाढवायचा तर ग्रीनिचच्या जुन्या वस्तीखाली नव्याने खोदकाम करावे लागले असते. तिथे दुसरा मार्गच परवडणारा नव्हता. बंद दारांच्या डब्यातील प्रवाशांना आतल्या आत पुढे सरकावे लागते, आणि कचेऱ्यांच्या गर्दीच्या वेळी हातात पिशवी किंवा कडेवर मूल असताना ते किती जड जाते, हे आपण पाहिलेच असेल. साउथ-कीला जवळच, दोन गोद्यांना जोडणाऱ्या पाण्यावर, पुरेशी सरळ जागा उपलब्ध होती आणि जुने स्थानक चालू असतानाच नवे उभारता येत होते.

या गाडीला चालकाची केबिन नसते. त्यामुळे साउथ-कीच्या आधीच्या हेरॉन-कीज स्थानकातून निघताना अगदी पुढच्या आसनावर बसून समोरच्या रुळांकडे पाहा. गोदी ओलांडली की रूळ एकदम पूर्वेकडे वळतात आणि चाके करकरू लागतात. जुना फलाट लांबवायचा असता तर तो त्याच वाकावर न्यावा लागला असता.