उसाच्या फडातला खून: मालिकेत तपास खरा कसा वाटेल?

कोयनाकाठ
कराड तालुक्यातल्या गावावर सहा भागांची मालिका लिहितेय. उसाच्या फडात प्रेत सापडतं. पीआय (पोलीस निरीक्षक) रुमालाने कोयता उचलतो, डॉक्टर तिथेच "रात्री अकरा ते साडेअकरा" सांगतात, शेवटी आरोपी कोठडीत कबुली देतो आणि प्रकरण मिटतं. पोलीस-कोर्टाचं काम जवळून माहीत असलेल्यांना यात काय खटकेल?

सदाशिवगड
रुमाल आधी काढा. कापड घासलं की ठसा पुसतो. कोयता आहे तिथेच राहतो. फोटो, मोजमाप, ठसेतज्ज्ञ आणि मग पंचांसमोर (स्वतंत्र साक्षीदारांसमोर) जप्ती. बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, फौजदारी कारवाईचा कायदा) कलम १०५ मुळे आता झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, तेव्हा मोबाइल धरून उभा असलेला अंमलदार प्रसंगात हवाच. ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकची माणसंही घटनास्थळी येतात.

सुरुवात गाडीच्या सायरनने नको. ऊसतोड टोळीचा मुकादम पोलीस पाटलाला सांगतो, पाटील ठाण्यात कळवतो, ठाणे अंमलदार स्टेशन डायरीला नोंद घेतो. गळ्यावर वार उघड दिसत असेल तर थेट खुनाचा गुन्हा, बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम १०३. मरण कशाने आलं ते कळत नसेल तर आधी अकस्मात मृत्यूची नोंद, बीएनएसएस कलम १९४.

पीआय पोहोचताच फडात शिरायची एकच वाट ठरवतो, नाहीतर अर्धं गाव पाचट (उसाची वाळलेली पानं) तुडवून जातं. रक्ताचं पाचट सावलीत वाळवून कागदी पाकिटात भरतात. ओलंच प्लॅस्टिकमध्ये घातलं तर बुरशी धरते आणि डीएनए हातचा जातो. या वेळी पीआय खुनी कोण यावर भाषण देत नाही. डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक), एलसीबी (स्थानिक गुन्हे शाखा), श्वानपथक यांना फोन करण्यात गुंतलेला असतो. आणि साताऱ्यात 'कमिश्नर साहेब' नकोत, जिल्ह्याला एसपी (पोलीस अधीक्षक) असतात.

शवागार
अर्ध्या तासाची वेळ कुणीही डॉक्टर देणार नाही. आपल्या हवेत ताठरपणा साधारण २-३ तासांत जबडा-मानेकडून जाणवू लागतो, १२ तासांच्या आसपास अंगभर होतो, नंतर उतरतो. ऊन, फडातली ओल, अंगावरचे कपडे यांनी हे आकडे हलतात. म्हणून अंदाज नेहमी काही तासांच्या पट्ट्यात येतो, तोही उपजिल्हा रुग्णालयात शवविच्छेदनानंतर. प्रेतासोबत मरणोत्तर पंचनामा आणि एक अंमलदार जातो.

शवविच्छेदन रात्री दाखवू नका. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १५ नोव्हेंबर २०२१ ला सूर्यास्तानंतर परवानगी दिली, पण खून-आत्महत्येसारखी प्रकरणं वगळून. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तरच अपवाद. विषाचा संशय असेल तर व्हिसेरा (पोटातले अवयव) बरणीत, संपृक्त मिठाच्या पाण्यात. बरणीचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवतात, वायूने झाकण उडू नये म्हणून. सीए रिपोर्ट (रासायनिक विश्लेषणाचा अहवाल) दुसऱ्या दिवशी टेबलावर येत नाही.

नवी नोटरी
कथेचा शेवट मात्र बदलावाच लागेल. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम कलम २३. त्या कलमाचा उरलेला भाग मात्र तुमच्या कामाचा आहे: आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर निवेदनातला तेवढाच भाग चालतो. तेव्हा पहिल्या भागात कोयता सापडूच देऊ नका.

प्रसंग असा घ्या. दोन पंच बोलावून बसवले आहेत, त्यांच्यासमोर आरोपी म्हणतो, "कोयता कुठं पुरलाय दावतो." निवेदन पंचनामा, सह्या, गाडी निघते. वाट आरोपी दाखवतो, पाटाच्या कडेची माती उकरून कोयता तोच काढतो. जागेवरच पाकीट, लाखेचं सील, पंचांच्या सह्यांचं लेबल. प्रकरण पडतं ते बारीक चुकांनी: पंचनाम्याची वेळ अटकेच्या आधीची, जागा कुणालाही दिसेल अशी उघडी, किंवा लेबलवर सह्याच नाहीत.

या प्रसंगाआधी, अटकेपासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, आरोपी मॅजिस्ट्रेटपुढे. तिथे पीसीआर (पोलीस कोठडी) मागताना "हत्यार हस्तगत करायचे आहे" हे कारण तुमच्या पीआयच्या तोंडी शोभेल.

कोयनाकाठ
पंच गावातलेच घेऊ का? उलटतपासणीत फितूर झाले तर?

नवी नोटरी
गावातले घ्या, भावकीचा दाब दाखवता येईल. फितूर झाले म्हणून जप्ती आपोआप जात नाही. तपास अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह असेल तर कोर्ट ती धरू शकतं, म्हणून सरतपास (सरकारी वकिलाचे प्रश्न) आणि उलटतपास दोन्ही पीआयचेच, सविस्तर लिहा.