बहिणीचा वाटा: साडीवर भागवायचा?

बांधावरची: "लग्नात बारा लाख घातले, आता बहिणीने सातबाऱ्याला नाव लावणं म्हणजे भावाच्या पोटावर पाय." ही पोस्ट वाचून काल झोप लागली नाही. वडिलांचं तेरावं झालं आणि दादाने हक्कसोडपत्र पुढे केलं. दुय्यम निबंधकाकडे कॅमेऱ्यासमोर बसवून आम्हा दोघी बहिणींचे अंगठे घेतले, घरी आल्यावर एकेक साडी. तिची घडी मी अजून मोडलेली नाही. महाराष्ट्राने 1994 ला मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या वगळल्या. माझं लग्न 92 चं. 2005 ला केंद्राने ती अट काढली. 2020 ला विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, 2005 ला वडील हयात नसले तरी हक्क आहे. लग्नखर्च यात कुठून आला? दादाचं लग्न काय फुकट झालं?

शेतकरीपुत्र: कायदा मलाही कळतो, ताई. पाच एकर, आई धरून चार वारस, म्हणजे सव्वा-सव्वा एकर. सोसायटीचं कर्ज माझ्या डोक्यावर. आईला डायलिसिसला आठवड्यातून दोनदा मीच नेतो. बहिणी दिवाळीला येतात.

बांधावरची: दोन भाऊ वाटणी करतात तेव्हा तुकडे पडत नाहीत?

थोरली जाऊ: माहेरचंच काय धरून बसलात! हिंदू वारसा कायद्याचं कलम 15 बघा, मृत्युपत्र न करता बाई गेली तर तिची मिळकत कुणाला जाते ते. माझी बहीण दोन वर्षांत विधवा झाली, मूल नाही, सासरच्यांनी बाहेर काढलं. स्वतःच्या पगारातून फ्लॅट घेतला. मृत्युपत्र न करता गेली. फ्लॅट दिरांना! आमची आई बघत राहिली. नारायणीदेवीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2009 ला हेच केलं.

कोर्टपक्षी: म्हणून मृत्युपत्र करा. पण हे विषयांतर आहे.

थोरली जाऊ: विषयांतर कसलं? पुरुष गेला तर त्याची आई पहिल्या वर्गातली वारस. बाई गेली तर आधी मुलं आणि नवरा, मग नवऱ्याचे वारस, त्यानंतर तिचे आईबाप. पगार तिचा होता!

कोर्टपक्षी: कलम वाईट आहे, एवढं मान्य.

शेतकरीपुत्र: माझ्या चुलतीचंही असंच झालं. तिथे बाईवर अन्याय झाला, नाही म्हणत नाही. पण माझ्या बहिणीने आधी आईला सहा महिने न्यावं, मग वाट्याचं बोलावं.

बांधावरची: तिला विचारलंस का कधी? मला दादाने विचारलं नव्हतं. अंगठा कुठे लावायचा तेवढं दाखवलं.